मारुती ८०० (२००३) : इंजिनात टकटक, मेस्त्री म्हणतात इंजिन उतरवा. जाणकारांनी मत द्यावं

कृष्णाकाठ
मंडळी नमस्कार. गाडी मारुती ८००, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी), चार गिअरची. वडिलांनी नवीन घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी केली, हरित कर भरला, पुढचं नूतनीकरणही झालंय. त्यामुळे "विकून टाका" हा सल्ला कृपया नको.

तक्रार अशी. सकाळी चावी फिरवली की बॉनेटखालून टक टक टक टक असा कोरडा आवाज. रेस केली की टकटकीचा वेग वाढतो आणि आवाजही चढतो. बाकी गाडी एका सेल्फला चालू होते, धूर नाही, पाणी कमी होत नाही. ॲव्हरेज मात्र थोडं पडलंय.

मिरजेत एका मेस्त्रींना दाखवली. त्यांनी कान लावला न लावला तोच "टॅपेट" (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांतला गॅप) म्हणाले, सेट करून दिले. काडीचा फरक नाही. मग दुसऱ्या गॅरेजला गेलो. त्यांनी चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढून दाखवली. पहिल्या दोन सिलिंडरना काही नाही, तिसऱ्याची वायर काढली की आवाज जवळजवळ गप्प! "बघा, तिसऱ्याचं बिग एंड बेअरिंग, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) जोडतो तिथलं, गेलंय. इंजिन उतरवावं लागणार. क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, रिंगा, सगळं धरून तीसेक हजार."

डोळ्यांदेखत आवाज बंद झाला म्हटल्यावर मलाही पटलंय. तरी एवढे पैसे घालण्याआधी इथे विचारावं म्हटलं. दिवाळीत आंबा घाटातून रत्नागिरीला जायचं आहे, घरच्यांना गाडीनेच जायचं आहे.

चक्रम
तीस हजारात अजून एक ८०० येते की राव. एक चालवायची, एक वाजवायची.

घाटमाथा
माझी एस्टीम अशीच वाजायची. २०डब्ल्यू५० ऑइल घातलं आणि बाटलीतलं एक ॲडिटिव्ह टाकलं, आवाज निम्म्यावर आला. आधी तो स्वस्तातला उपाय करून बघा. इंजिन काय, कधीही उतरवता येतं.

दहा_बारा_पाना
कृष्णाकाठ, जरा थांबा. घट्ट ऑइलही घालू नका आणि इंजिनही उतरवू नका. घट्ट ऑइलने बेअरिंगचा आवाज दबतो, झीज दबत नाही. जुन्या गाड्या विकणाऱ्यांची ती जुनी युक्ती आहे. उद्या खरंच बेअरिंग असलं तर घाटात कळेल.

पहिलं काम, ऑइलची पट्टी काढून लेव्हल बघा. कमी असेल तर भरा आणि मग बोला. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा गरम इंजिनात, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) मिचमिच करतो का बघा. करत असेल तर गाडी जागची हलवू नका, टो करून न्या.

दिवा येत नसेल तर मला एवढं सांगा :
आवाज गार इंजिनात जास्त की गरम झाल्यावर?
चढाला, दाबून रेस दिल्यावर वाढतो का?
क्लच पूर्ण दाबल्यावर बदलतो का?
एसी असेल तर चालू-बंद केल्याने फरक पडतो का?

तुम्ही आवाज कसा आहे ते छान लिहिलंत. कधी येतो ते नीट लिहिलं नाहीत, आणि निदान तिथेच असतं.

कृष्णाकाठ
काका, धन्यवाद. ऑइल दोन्ही खुणांच्या मध्ये आहे. लाल दिवा चावी फिरवल्यावर लागतो, इंजिन चालू झालं की जातो, परत येत नाही. एसी नाही. क्लचने फरक नाही.

गार-गरमचं आज मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं. सकाळी सर्वात जास्त. गाडी चालवून सांगलीला पोचेपर्यंत बराच कमी होतो. आयडलला तर कान देऊन ऐकावा लागतो. चढाला, विश्रामबागेच्या पुलावर वगैरे, परत थोडा येतो.

सौ_चारचाकी
वाचतेय. एक सुचवते. मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकलात तर फार विश्वास ठेवू नका. फोन आवाज आपोआप कमी-जास्त करतो, त्यामुळे टॅपेटची टिकटिक आणि बेअरिंगची ठकठक दोन्ही सारखीच ऐकू येतात. माझ्या सँट्रोच्या वेळी व्हॉट्सॲपवरच्या क्लिपवरून चार जणांनी चार निदानं केली होती. निघाली एक्झॉस्टवरच्या पत्र्याच्या कव्हरची गंजलेली पट्टी!

परदेशी_पाहुणा
ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून कोड वाचा ना. इथे न्यू जर्सीत पार्ट्सच्या दुकानात फुकट वाचून देतात.

दहा_बारा_पाना
पाहुणे, तुमच्याकडे १९९६ पासून ते सॉकेट सक्तीचं आहे. २००३ची ८०० त्या जमान्यातली नाही. आणि असतं तरी बेअरिंगचा, टॅपेटचा, पॅकिंगचा कोड येत नसतो. इथे कानच लागतो.

कृष्णाकाठ, तुमच्या उत्तराने चित्र बदललं. बिग एंड बेअरिंग झिजलं की उलटं होतं. गार असताना ऑइल घट्ट असतं, ते फट भरून काढतं, आवाज दबलेला राहतो. इंजिन तापलं, ऑइल पातळ झालं की ठोकायला लागतं. तेही टक टक नाही, खोल, जड, खालच्या बाजूने ठक ठक. रेस देऊन ॲक्सिलरेटर सोडला की त्या सोडण्याच्या क्षणी खडखडून वाजतं. तुमचा आवाज तापल्यावर कमी होतोय. म्हणजे बेअरिंगवर माझा पहिला संशय नाही.

टॅपेटवरही नाही. ८००च्या या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नसतात, रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेवर) स्क्रू आणि नट असतो, फिलर गेज (ठरावीक जाडीचं पातं) घालून गॅप धरायचा. हेड (सिलिंडरांवरचा भाग) ॲल्युमिनियमचं, ते तापून फुगतं, त्यामुळे गॅप तापल्यावर कमी होत नाही, थोडा वाढतोच. मॅन्युअलमध्ये गार इंजिनाचा आणि गरम इंजिनाचा गॅप वेगवेगळा दिलेला असतो तो त्यामुळेच. म्हणजे टॅपेट वाजत असतील तर गरम झाल्यावरही वाजतच राहतील.

जाता जाता : कुणी आवाज बंद करायला टॅपेट आवळून दिले असतील तर ते परत तपासून घ्या. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पूर्ण बसला नाही की जळतो. वाजलेला टॅपेट परवडला, जळलेला व्हॉल्व्ह नाही.

कृष्णाकाठ
पण काका, तिसऱ्याची वायर काढल्यावर आवाज गेला त्याचं काय? ते तर मी स्वतः पाहिलं.

दहा_बारा_पाना
गेला ना. त्यातून फक्त एवढं कळतं की आवाज तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळण्याशी जोडलेला आहे. वायर काढली की तिथे स्फोट होत नाही, पिस्टनवर दाब येत नाही. मग बेअरिंग गप्प होतं. पिस्टन बोअरमध्ये सैल असेल, त्याला आम्ही पिस्टन स्लॅप म्हणतो, तोही गप्प होतो. आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा जळका गॅस गोळा करणाऱ्या नळ्यांचं, पॅकिंग तिसऱ्या पोर्टजवळ (त्या सिलिंडरचा गॅस बाहेर पडतो त्या भोकाजवळ) फुटलं असेल तर तेही गप्प होतं, कारण बाहेर यायला दाबाचा गॅसच नसतो.

तीन आरोपी, एकच साक्ष. त्यावर इंजिन उतरवायचं नसतं.

आता यातला बेअरिंग गरम झाल्यावर वाढणारा. उरले दोन, दोघेही गार असताना जास्त वाजणारे. मॅनिफोल्ड बिडाचं असतं, तापलं की फुगून फट स्वतःच बुजवतं, म्हणून गरम झाल्यावर आवाज उतरतो. पिस्टनही तापून फुगतो, बोअरमध्ये घट्ट बसतो. माझी पैज मॅनिफोल्डवर आहे. चढाला लोड आल्यावर परत येतो म्हणालात आणि ॲव्हरेज पडलंय म्हणालात, दोन्ही त्याच दिशेला जातं.

लेथवाला
कोल्हापूरहून. पानाकाकांशी सहमत. थोडं गणित जोडतो, कुणाला रस असेल तर.

आयडलला इंजिन मिनिटाला ८००च्या आसपास फिरतं असं धरा. फोर स्ट्रोक म्हणजे क्रँकचे दोन फेरे झाले की एका सिलिंडरमध्ये एकदा स्फोट. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे एक टॅपेट, किंवा एका पोर्टची गळती, मिनिटाला ४०० वेळा वाजेल, सेकंदाला सहा-सात. क्रँकच्या वेगाने वाजणारी वस्तू, समजा फ्लायव्हील किंवा पुढची पुली सैल आहे, ती सेकंदाला तेरा. सहा-सात टकटकी कानाला सुट्या ऐकू येतात, तेराची खडखड होते. घड्याळ लावून मोजायची गरज नाही, सवयीने कळतं.

त्यामुळे "टक टक टक टक" असं तुम्ही सुटं लिहिलंत, ते निम्म्या वेगाचं असावं. वरच्या भागातलं किंवा एका सिलिंडरच्या एक्झॉस्टमधलं.

घाटमाथा
हे भारी आहे. पण मग टॅपेट आणि गळती कानाने वेगळी कशी करायची? दोन्ही निम्म्याच वेगाची.

लेथवाला
टॅपेट धातूवर धातू वाजतं, शिवणयंत्रासारखं, रेस दिली तरी आवाजाची जात बदलत नाही, फक्त वेग वाढतो. गळतीला रेस दिली की ती फट् फट् करायला लागते, त्यात हवेचा फुत्कार येतो. आयडलला मात्र भलेभले फसतात. बारीक फटीतून सुटणारा गॅस हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो.

दहा_बारा_पाना
बरोबर. म्हणून कानावर थांबू नका, दाखवणारी चाचणी करा. कृष्णाकाठ, हे घरी होण्यासारखं आहे :

रात्रभर गार झालेल्या गाडीचं बॉनेट उघडा. मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं कव्हर, त्याचे बोल्ट सहसा दहाच्या पान्याचे, ते काढा. गंजलेले असतील तर आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. जोर करून तोडू नका. मग टॉर्च घेऊन मॅनिफोल्ड आणि हेड जिथे जुळतात त्या रेषेवरून नजर फिरवा. गळती असेल तिथे काजळी धरते. आरसा असेल तर खालची बाजूही बघा. काजळी बहुतेक वेळा खालच्या बाजूलाच असते, आणि ती वरून कोणालाच दिसत नाही.

काजळी दिसली नाही तरी सोडू नका. घरात फुंकणारा, म्हणजे ब्लोअरची सोय असलेला व्हॅक्यूम क्लीनर आहे का? असेल तर इंजिन बंद, गार. नळी सायलेन्सरच्या तोंडाला लावून भोवती फडकं गुंडाळा, हवा आत जाऊ द्या. साबणाचं पाणी स्प्रेने त्या जोडावर मारा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तेच तत्त्व. जिथे बुडबुडे, तिथे फट.

चालू इंजिनावर काही करणार असाल तर लुंगी, ओढणी, सैल बाही, गळ्यातला गोफ यातलं काही नको. ८००चा रेडिएटर पंखा विजेवरचा आहे, न सांगता सुरू होतो.

सौ_चारचाकी
काका, प्लगची वायर चालू इंजिनात काढणं बरोबर आहे का? माझ्या मेकॅनिकनेही केलं होतं, त्याला चांगला झटका बसला.

दहा_बारा_पाना
ताई, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली सवय आहे ती. एमपीएफआय गाडीत वायर काढली तरी त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल सुटतच राहतं, ते न जळता सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जातं आणि तिथे पेटतं. कन्व्हर्टर महाग वस्तू आहे. त्यापेक्षा त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं सॉकेट काढावं. पेट्रोलही बंद, झटकाही नाही. परिणाम तोच. मी तर गाडी आली की आधी हातात काही घेत नाही. गिऱ्हाइकाला चालवायला लावतो आणि शेजारी बसतो.

चक्रम
म्हणजे पेट्रोल त्याचं, निदान तुमचं. मान गए काका.

कृष्णाकाठ
मंडळी, रविवार कारणी लागला.

कव्हरचे दोन बोल्ट निघाले, तिसरा शनिवारी तेल मारून ठेवला होता म्हणून निघाला. वरून बघितलं तर काहीच नाही, स्वच्छ. बायकोचा छोटा आरसा खाली धरला (परत देताना काजळीसकट दिला, त्याचा वेगळा धागा काढावा लागेल) तर तिसऱ्या पोर्टच्या खालच्या कोपऱ्यात दोन बोटं रुंद काळा पट्टा. बोट लावलं तर कोरडी काजळी. बाकी दोन पोर्टना तांबूस गंज, काळं काही नाही.

मग व्हॅक्यूम क्लीनरचा प्रयोगही केलाच. मुलाने सायलेन्सरला नळी धरली, मी भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी मारलं. पहिल्या-दुसऱ्या पोर्टला एकही बुडबुडा नाही. तिसऱ्याच्या कोपऱ्यात आधी बारीक फेस आला, मग तो सरकून सरकून खाली टपकायला लागला. आणि बघतो तर त्या टोकाच्या स्टडवर (हेडमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांडीवर) नटच नाही! स्टड हेडच्या तोंडाशी तुटलाय.

लेथवाला
मिळाला! टोकाचाच स्टड तुटणार होता. बीड आणि ॲल्युमिनियम तापल्यावर सारखे फुगत नाहीत. मॅनिफोल्डची लांबी तापून वाढते-आखडते, त्याचा सगळा ओढा दोन टोकांच्या स्टडवर येतो. मधले टिकतात, टोकाचे शिणून तुटतात. तुटला की त्या कोपऱ्यातला दाब जातो, पॅकिंग सुटतं, गरम गॅस त्याच वाटेने जाऊन पॅकिंग जाळतो.

परदेशी_पाहुणा
अभिनंदन! मग आता घाई नाही ना? आवाजाचाच तर प्रश्न आहे, दिवाळीनंतर केलं तरी चालेल.

दहा_बारा_पाना
नाही पाहुणे, चालणार नाही. दोन कारणं.

एक, तो गॅस बॉनेटखाली सुटतोय. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना वास ना रंग. काचेखालच्या जाळीतून ताजी हवा गाडीत येते तीच वाट त्याला मिळते. काचा बंद, ब्लोअर चालू आणि आंबा घाटात ट्रकमागे सरपटत चाललेली गाडी, मागे मुलं झोपलेली. हे मला नको. दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवावीच लागली तर काचा खाली आणि ब्लोअर बंद.

दुसरं कारण पैशाचं. मॅनिफोल्डच्या पुढे ऑक्सिजन सेन्सर असतो. एक्झॉस्टमध्ये गॅस धक्क्याधक्क्याने येतो, दोन धक्क्यांच्या मध्ये त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीएम (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज तिथे गेलं. पीयूसीच्या वेळीही आकडे गडबडतात.

घाटमाथा
म्हणजे त्या दुसऱ्या गॅरेजवाल्याने सरळ गंडवायचा बेत केला होता. नाव टाका इथे.

दहा_बारा_पाना
नाव नको. गंडवणं असेलच असं नाही. वायर काढून बेअरिंग ओळखायची पद्धत खरी आहे, पिढ्यान्‌पिढ्या चाललीय. तो अर्ध्यावर थांबला एवढंच. गाडी तिथे पोचली तेव्हा इंजिन कोमट असणार, गॅरेजमध्ये गोंगाट, मागे चार गाड्या उभ्या. गार इंजिनाचा आवाज मेकॅनिकला सहसा ऐकायलाच मिळत नाही, कारण गिऱ्हाईक गाडी चालवत आणतं. असा आवाज असेल तर गाडी रात्री गॅरेजला ठेवावी आणि सकाळी पहिली चावी मेस्त्रीने फिरवावी.

उलटही लक्षात ठेवा. जुनी गाडी विकत घ्यायला गेलात आणि मालकाने आधीच इंजिन चालू करून ठेवलं असेल तर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर "उद्या सकाळी येतो" म्हणा.

कृष्णाकाठ, काम करताना : तुटलेल्या स्टडला ड्रिल मारून ईझी-आऊट (तुटलेला बोल्ट काढायचं हत्यार) घालायची घाई कुणाला करू देऊ नका. ईझी-आऊट आत तुटला तर तो इतका कडक असतो की ड्रिल चालत नाही, मग खरोखरच हेड उतरवावं लागतं. तोंडाशी तुटलाय तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करायचं. वेल्डच्या उष्णतेने गंज सुटतो, गार होऊ द्यायचं आणि पान्याने पुढे-मागे, पुढे-मागे करत काढायचं. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, ईसीएमचं सॉकेटही.

लेथवाला
आणि मॅनिफोल्ड निघालंच आहे तर फेस, म्हणजे हेडला टेकणारी सपाट बाजू, तपासल्याशिवाय परत बसवू नका. सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेज घाला. वर्षानुवर्षं एका टोकाने सुटलेलं बीड वाकतं. वाकलेल्या फेसवर नवीन पॅकिंग म्हणजे चार महिन्यांनी हाच धागा वर. इकडे शिवाजी उद्यमनगरात सरफेस ग्रायंडरवर फेस मारून देणारी वर्कशॉप रांगेने आहेत. सकाळी दिलं तर संध्याकाळी मिळतं. तीनही पोर्ट एका पातळीत घ्या म्हणून सांगा, नुसती बेल्ट पॉलिश करून चकचकीत करून देतील तर घेऊ नका.

सौ_चारचाकी
पुन्हा बसवताना आधी कुठला नट आवळायचा?

लेथवाला
मधून बाहेरच्या बाजूला, एका दमात नाही, दोन-तीन टप्प्यांत. शक्यतो टॉर्क रेंचने, आकडा मॅन्युअलमधला. सगळेच स्टड नवे घाला, जुन्यांचंही वय तेवढंच आहे. आणि पॅकिंगला सिलिकॉन सीलंट चोपडू नका, एक्झॉस्टच्या उष्णतेला ते टिकत नाही.

कृष्णाकाठ
काम झालं! तपशील देतो, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

स्टड पहिल्या वेल्डला निघाला नाही, नटच सुटून आला. दुसऱ्यांदा वेल्ड केल्यावर कुर्रर्र करत फिरला. हेडमधले आटे शाबूत होते, टॅप फिरवून साफ केले. मॅनिफोल्ड पट्टीवर ठेवलं तर तिसऱ्या टोकाला पाव मिलिमीटरचं पातं आरामात आत जात होतं. कोल्हापूरला उद्यमनगरात फेस मारून आणलं. नवीन पॅकिंग, सगळे स्टड-नट नवे. फेस, सामान, वेल्डिंग, मजुरी मिळून तीन हजारांच्या आत. टॅपेट पुन्हा तपासले तर एक्झॉस्टचे दोन खरंच आवळलेले निघाले, ते मॅन्युअलप्रमाणे करून घेतले.

काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मनाच्या समाधानासाठी ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावून घेतला. इंजिन पूर्ण गरम, आयडलला, काटा ठीक होता. बेअरिंगची शंका गेली.

सकाळी चावी फिरवली, टकटक नाही. तीन सिलिंडरची थरथर आहे, ती जन्मापासूनची.

फक्त आता ती टकटक गेल्यावर मागे एक बारीक किर्रर्र ऐकू येतंय. आधी त्याखाली दबलेलं असणार. गार-गरम दोन्ही वेळी सारखं. हेडलाइट लावले की किंचित वाढतं असं वाटतं.

चक्रम
एक सुटली, दुसरी सापडली. आता बॉनेट बंद करून रेडिओ लावा.

दहा_बारा_पाना
हेडलाइटने वाढतं म्हणजे अल्टरनेटरवर लोड आल्यावर वाढतं. तिकडे बघा. ८००ला फॅन बेल्टवर अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही असतात, त्यामुळे आधी बेल्ट काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालू करा. पाणी फिरत नसतं, त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या वर नाही. बॅटरीचा दिवा लागेल, लागू दे. किर्रर्र गेलं तर दोघांपैकी एक. मग बेल्ट काढलेलाच आहे तर दोन्ही पुल्या हाताने फिरवा आणि हलवून बघा. पंपाची पुली खेळत असेल किंवा खालच्या भोकातून पाणी ओघळलेलं दिसलं तर पंप, आणि तो दिवाळीआधी बदलाच. पंप बसला तर इंजिन तापेल, बेल्टही जाईल.

कृष्णाकाठ
केलं. बेल्ट काढल्यावर किर्रर्र बंद. पंपाची पुली गुळगुळीत, खेळ नाही, पाण्याचा डाग नाही. अल्टरनेटरची पुली फिरवली की हाताला खरखर लागते.

दहा_बारा_पाना
मग बेअरिंगच आहे, पण अल्टरनेटरचं. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या, अर्ध्या दिवसाचं काम. अल्टरनेटर उघडलाय तर कार्बन ब्रशही बघायला सांगा. बेअरिंग आणायला जुनं सोबत न्या, नंबर कड्यावर कोरलेला असतो, आणि दोन्ही बाजूंची बदला. चांगल्या कंपनीचं, सीलवालं घ्या. खोक्यावरचं नाव आणि बेअरिंगवरचं नाव एकच आहे ना ते दुकानातच उघडून बघा.